मागच्या चाकाचा नंबर

खलील,

तुझ्या मयतीला अख्खी वडीगोद्री आल्ती. शहागडचे ट्रकवाले आले, अंतरवाली सराटीचे ट्रॅक्टरवाले आले, हवा कमी भरली म्हणून तुझ्याशी वर्षभर न बोललेला तो जीपवाला बी आला. तुला माती देऊन लोक कब्रस्तानच्या भिंतीला टेकून उभे राहिले आन तुझ्याबद्दल बोलायला लागले. सगळे चांगलंच बोलले. माणूस लाख मोलाचा, खोटं पंक्चर कधी दाखवलं न्हाई, कुणाला अडवलं न्हाई. मंग एक जण हळहळत म्हणाला, फकत त्या भूलवाल्या मॅडमच्या गाडीला मागच्या चाकाचा नंबर चुकला बिचाऱ्याचा, तेवढंच एक गालबोट. लोकांनी माना हलवल्या. मी बी हलवली.

हे पहिलंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. तो नंबर तू चुकला नव्हतास, मी चुकलो होतो. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, कालपर्यंत तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या कबरीवरची माती ओली होती आन मी उभ्या उभ्या खोट्याला मान डोलावली. त्याला आज बावीस दिवस झाले. काल मी काय केलं ते शेवटी सांगतो. तू चिडणार आहेस. चिड खुशाल. चार वर्षं तुझंच ऐकलं, आता जरा माझं ऐक.

आपण हायवेच्या कडेला ते पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा माझ्याकडं मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आन तुझ्याकडं पंधरा वर्षांचं ट्रॅक्टरच्या टायरचं काम. तू टायरवरून नुसता तळवा फिरवायचास आन सांगायचास, ह्या गाडीचं पुढचं डावं चाक बाहेर ओढून राह्यलंय. मी गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवायचो, अर्धा तास खटाटोप करायचो, आन स्क्रीनवर तेच यायचं जे तू उकिडवा बसून सांगितलेलं असायचं. मला लई राग यायचा. एवढं शिकलो, एवढी मशीन आणली, ती काय तुझंच म्हणणं छापून द्यायला? तू वर दात काढायचास. म्हणायचास, कागद दे त्यांना, माझ्या तळहाताला शिक्का न्हाई.

खरं सांगू का, मला तेव्हा बी तुझा अभिमान वाटायचा. जालन्याला कुठं टायरवाल्यांत बसलो की मी तुझ्याच गोष्टी सांगायचो. आमचा खलील असा, आमचा खलील तसा. तुझ्या तोंडावर मात्र एक शब्द काढला न्हाई, कारण तू डोक्यावर बसला असतास आन दिवसभर उतरला नसतास.

मॅडम पहिल्यांदा आल्या तो दिवस तुला आठवत असंल. जालन्याच्या डॉक्टर, भूल देणाऱ्या. जालन्यापासून अंबड, वडीगोद्री, पार गेवराईपर्यंत लहान लहान दवाखान्यांत ऑपरेशन निघालं की ह्यांना फोन. पेशंट टेबलावर, सर्जन हात धुऊन तयार, आन भूल देणारा माणूस रस्त्यात. त्यामुळं मॅडम गाडी दामटायच्या. गाडी बी तशीच घेतली होती. पुण्यातून कुणाची तरी वापरलेली जर्मन सेडान, निळी, बसकी. दिसायला घरंदाज, पण पाय दाबला की मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. चारी चाकं ओढणारी. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते, पुढचे बी त्याच वाटेवर होते. मॅडम म्हणाल्या, चारी बदला, पण मला कामाला जायचंय तेव्हा धोका नको.

तू गाडीभोवती एक चक्कर मारलीस, खाली बसलास आन मला हाक मारलीस. अरे, हिचं पुढचं बारीक आन मागचं रुंद, असं कसं? मी हवेतच गेलो. पुस्तकात वाचलं होतं, आता समोर उभं होतं. पुढं दोनशे पंचेचाळीस-चाळीस, मागं दोनशे पंचाहत्तर-पस्तीस, रिम चारी एकोणीस इंची. मी तुला आन आजूबाजूच्या समद्यांना लेक्चरच दिलं. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यात धरायची. मागं जोर जास्त उतरतो म्हणून मागची पकड रुंद. पुढची चाकं वळायला हलकी पाहिजेत म्हणून जरा बारीक. रुंदी वाढवली की टक्का उतरवायचा, म्हणजे पुढचं-मागचं चाक उंचीला जवळपास बराबर राहतं. बबन चहावाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. हे मी स्वतः, माझ्या ह्या तोंडानं सांगितलं होतं, ध्यानात ठेव.

तिथूनच आपलं भांडण पेटलं. तू म्हणालास, चारी एकसारखी घाला, काय खुळ आहे हे. एकसारखी असली की पुढची मागं, मागची पुढं फिरवता येत्यात, चारी सारखी झिजत्यात. ह्यात मागची दोन आधी मरणार. आन मॅडम ऑपरेशनला निघाल्या, शहागडच्या पुलावर मागचा टायर फाटला, तर हा नंबर त्यांना कोण देणार, पुलाखालची गोदावरी? मी म्हणालो, ट्रॅक्टरला पुढं लहान मागं मोठं असतं तेव्हा तुला काही टोचत न्हाई. तू म्हणालास, ट्रॅक्टर फाटला तर चाक खोलून गावात आणता येतं, ट्रॅक्टरवर कुणी पेशंट टेबलावर टाकून वाट बघत नसतंय.

मॅडम हसायला लागल्या. म्हणाल्या, तुमचं दोघांचं पटतंय मला, पण ही गाडी वळणावर जशी बसते तशीच बसली पाहिजे, कंपनीनं दिलंय तसंच द्या. मी जिंकलो. तू मान्य केलंस, पण बोट वर करून एवढंच म्हणालास, मंग कंपनीनं लिहिलंय त्याच मापाचे. इकडं तिकडं बिलकुल न्हाई.

मी हो म्हणालो आन दुसऱ्या दिवशी ऑर्डर देताना मागच्या टायरचा पस्तीसचा चाळीस केला.

का केला, हे मी तुला कधी सांगितलं न्हाई. तू विचारलं बी न्हाईस. मला वाटलं, पस्तीसची भिंत म्हणजे भाकरीच्या कडेएवढी, आपल्या अंबड रस्त्याच्या खड्ड्यात रिम वाकून जाईल. मागं जरा उंच टायर दिला तर गाडी वाचंल, मॅडम खूश होतील, आन मागून गाडी जरा उचललेली, भरलेली दिसंल. आपल्या भागात सगळ्यांना तेच आवडतं ना. ट्रॅक्टर मागं उंच, जीप मागं उंच, पोरांच्या मोटारसायकली मागं उंच. मी डिप्लोमावाला, कंपनीपेक्षा मला ह्या रस्त्यांचं जास्त कळतं, हा माज होता. खड्ड्याचा विचार केला आन चारी चाकं आतून एकमेकांना बांधलेली आहेत हे साफ विसरलो. ज्या माणसानं चौकात उभं राहून टक्केवारी शिकवली, त्यानंच टक्का चुकवला.

टायर संभाजीनगरहून आले त्या दिवशी शेडमध्ये दहा-बारा माणसं असतील. गाडी बघायला जमलेली. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत फोनवर बोलत होत्या. तू पुढच्या-मागच्या एकेका रिमवर नवा टायर चढवलास, हवा भरलीस आन खिशातून खडू काढलास. मला कळलं तू काय करणार ते. टायरवर एक रेघ, तिच्या खाली जमिनीवर एक रेघ, चाक सरळ एक पुरा फेरा लोटायचं, परत टायरची रेघ जमिनीला टेकली की तिथं दुसरी रेघ. ट्रॅक्टरला तू हे करायचास. एकदा अंतरवालीच्या एका माणसाच्या चारी चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला कुणीतरी बेमेळ टायर घातले होते आन त्याच्या गिअरबॉक्सचा भुगा झाला होता, तेव्हापासून तुझा हा नेमच झाला होता. छापलेल्या आकड्यावर तुझा भरवसा नव्हता. चाक जमिनीवर किती चालतं ते बघायचं, बस्स.

मी म्हणालो, खलील, मॅडमला घाई आहे, तमाशा नको. तू ऐकलं न्हाईस. मागचं चाक लोटलंस, पुढचं लोटलंस, शेजारी शेजारी. मंग दोन रेघांच्या मधी हात ठेवलास. माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघूनच म्हणालास, "एका फेऱ्यात चार बोटांचा फरक आहे, मिलिंद. ही दोघं एका दांड्याला बांधल्यावर चालणार कशी?"

मी भडकलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, चुकतोय असं वाटायला लागलं की मी आधी ओरडतो. दहा माणसांसमोर मी तुला म्हणालो, ट्रॅक्टरवाल्यानं मला सेडान शिकवायची न्हाई. आन हे वाक्य संपायच्या आत डोक्यात आकडेमोड झाली. दोनशे पंचाहत्तरचे चाळीस टक्के. म्हणजे भिंत एकशे दहा मिलिमीटर, पुढच्याची अठ्ठ्याण्णव. हे टायर बसवून मॅडम निघाल्या असत्या तर दर फेऱ्याला पुढचं आन मागचं चाक आतल्या आत भांडत राहिलं असतं. आठ दिवसांत म्हणा, महिन्यात म्हणा, कुठंतरी रस्त्यात ती गाडी बसली असती. आन तिकडं कुणाची तरी बाई टेबलावर.

मॅडम उठून आल्या. काय झालं, नंबर चुकीचा आला का, कुणी मागवला होता? मी खाली वाकून टायरवरचा आकडा परत वाचायला लागलो. नंबरचं मिलिंद बघतो, हे सगळ्या बाजाराला पाठ होतं. बबन चहाचे ग्लास हातात धरून थांबला होता. तू गुडघ्यावर हात ठेवून उठलास, हात फडक्याला पुसलेस आन म्हणालास, "मॅडम, गलती माझी. मीच ह्याला पस्तीसच्या जागी चाळीस सांगितलं. ह्यानंच मोजायला लावलं म्हणून सापडली. परवा बराबर टायर येत्याल, तवर जुन्यावर सावकाश जावा."

माझं ओरडणं लोकांना आयतं जुळलं. त्यांना वाटलं मी तुझ्या चुकीवर ओरडलो. मॅडम शहाण्या बाई, त्या म्हणाल्या, होतं असं खलीलभाई, बसवायच्या आधी कळलं हे बरं झालं. आन माझ्याकडं वळून म्हणाल्या, थँक्यू. मी ते थँक्यू घेतलं. गिळलं म्हण.

त्या गेल्यावर मी तुला शेडच्या मागं ओढलं. शरमेनं माझा जीव चालला होता आन राग तुझ्यावर निघत होता. कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला, म्हणून मी तुझी गचांडी धरली. तू हात काढून घेतलास. म्हणालास, "ह्या गावात माझी एक चूक खपती. तुझी एक बी खपायची न्हाई. का न्हाई खपायची ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. माझा बाप ज्यांच्या शेतात रोजानं गेला त्यांच्याच गाड्या माझ्या मशीनवर चढत होत्या. पहिली दोन वर्षं लोक गाडी घेऊन यायचे आन मला ओलांडून तुला हाक मारायचे. वस्तीतलं पोरगं कॉम्प्युटर घेऊन बसलंय, बघा काय करतंय, असं आपल्या कानावर आल्तं. मी एक आकडा चुकलो असतो तर तो माझ्या एकट्याच्या नावावर पडला नसता, माझ्या बापाच्या आन आज्याच्या नावावर बी पडला असता. पण तुला मी तेव्हाच उलटं विचारलं होतं, तुझी चूक खपती हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या मागं लोक कमी बोलतात का? तू नुसता हसलास आन म्हणालास, माझी सवय झालीया त्यांना. मंग पाना घेऊन ट्रकखाली गेलास. मी तुझ्याशी आठ दिवस बोललो न्हाई. उपकार केलास म्हणून बोललो न्हाई, असा मी माणूस.

पुढं काय झालं ते तुझ्यादेखतच झालं. बाजारात पसरलं की खलीलला आता आकडे दिसत न्हाईत. मोठ्या गाड्यांवाले यायचे ते म्हणायचे, मिलिंदनंच बघावं, खलीलभाईला हात लावू देऊ नका. तू हळूच ट्रॅक्टरच्या बाजूला सरकलास. आपल्या दोघांत अरे-तुरे, शिव्यागाळी, आन गिऱ्हाईक आलं की तू मला साहेब म्हणायला लागलास. मिलिंद साहेबांना विचारा, नंबरचं तेच बघत्यात. बीडहून, जालन्याहून पुढं बारीक मागं रुंद टायरवाल्या गाड्या आपल्याकडं यायला लागल्या. प्रत्येक गाडीला मी खडूनं रेघ मारायचो, चाक लोटायचो, मोजायचो, आन लोक म्हणायचे, काय अक्कल आहे, मशीन असून बी हातानं खात्री करतो. ती अक्कल तुझी होती. तू पलीकडं ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बिडी ओढत ऐकायचास आन तुझ्या तोंडावर असं हसू असायचं, जसं काही तुझ्याच पोराचं कौतुक चाललंय. मला त्याचा संताप यायचा. आता त्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो. असा दोस्त किती जणांना मिळाला असंल?

एकदाच बोलायला आल्तो मी. ईदच्या दुपारी तुझ्या घरी, ठरवून आल्तो की आज रुखसानाभाभीसमोर सांगून टाकायचं. तुला माझ्या तोंडावरूनच कळलं. तू शीरखुर्म्याची वाटी पुढं केलीस आन म्हणालास, खा गुमान. मी खाल्लं. दुसरी वाटी बी खाल्ली. खरं म्हणजे मला बोलायचंच नव्हतं खलील. तू गप केलंस म्हणून मी गप झालो, हे मी स्वतःला सांगत आलो, पण मला ते सोईचं होतं. लोक मला मानत होते. ते मला गोड लागत होतं. तू जिवंत असेपर्यंत मी तुझ्या मोठेपणावर फुकट बसून होतो, हे आज लिहून टाकतो.

तू छातीवर हात ठेवून खाली बसलास तेव्हा मी तुला गाडीत घातलं. वाटेत मला वाटलं, आता सांगावं. तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणलं म्हणजे तू चाललास हे कबूल केल्यासारखं होईल, म्हणून म्हणलो, काही होत न्हाई, गॅसेस असतील. हे माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. गॅसेस असतील. हसू नकोस.

आता कालचं. मॅडम आल्त्या. त्यांना तू गेल्याचं उशिरा कळलं. गाडी तीच, निळी, मागचे दोन्ही टायर परत उतरलेले, तू म्हणाला होतास तसे पुढच्यांच्या आधी. त्या गाडीतून उतरून पहिलं तुझ्या ट्रॅक्टरच्या बाजूला जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. डोळे पुसले. मंग मला म्हणाल्या, खलीलभाईंनी एकदा नंबर चुकवला होता, पण त्यांच्यावर मी कधी रागावू शकले नाही, किती प्रामाणिकपणे कबूल केलं होतं त्यांनी.

सकाळी अकराची वेळ, शेड भरलेलं. बबन होता, तो जीपवाला होता, कब्रस्तानच्या भिंतीपाशी ज्यानं गालबोटाचा विषय काढला तो बी होता. मला वाटलं होतं कधी सांगायची वेळ आली तर एकांतात सांगीन, मॅडमला बाजूला घेऊन. पण चूक दहा माणसांसमोर तू घेतली होतीस, मंग परत बी दहा माणसांसमोरच घ्यायला पाहिजे होती. मी म्हणालो, "मॅडम, तो नंबर मी चुकलो होतो. पकडला खलीलनं. मला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून त्यानं स्वतःवर घेतला, आन मी चार वर्षं घेऊ दिला."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता गाडी काढून निघून जातील. त्या म्हणाल्या, म्हणजे त्या दिवशी त्यांनी मोजलं नसतं तर... त्यांना त्या महिन्यातली एखादी केस आठवली असंल. मंग खुर्ची ओढून बसल्या आन म्हणाल्या, मागचे दोन घाला, मोजून घाला. मी त्यांना तुझं म्हणणं परत सांगितलं, की चारी एकसारखी घ्या, फिरवता येतील, रस्त्यात सापडतील. तुझ्यापेक्षा चांगलं सांगितलं मी ते, तुझी शप्पथ. तरी त्या म्हणाल्या, नाही, रुंदच. तेव्हा ते भांडण मी अजून बी जिंकलेलंच आहे, पण तुझ्या बाजूनं भांडताना मला पहिल्यांदा वाटलं की तुझ्या म्हणण्यात दम होता.

गाव काय बोलायलंय ते बी सांगतो, तुला उत्सुकता असंल. जीपवाला म्हणाला, खलीलच्या जिवावर मोठा झाला. ते खरं आहे. दुसरा एक जण म्हणाला, ह्यांचं असंच असतं. ह्यांचं म्हणजे कुणाचं ते त्यानं सांगितलं न्हाई आन मी विचारलं न्हाई. तू जे टाळलं होतंस ते चार वर्षांनी झालंच. पण खलील, मी मेलो न्हाई. मी सकाळी शेड उघडलं, एक गाडी मशीनवर घेतली, नंबर वाचला आन काम केलं. माझी एक चूक खपती का न्हाई ते आता गावानं ठरवावं. तेवढं सोसायची ताकद माझ्यात आहे, आन ती चार वर्षं तुझ्याशेजारी उभं राहून आली.

मंग संध्याकाळच्या आत मी तुझ्या घरी गेलो, बाजारातून कळायच्या आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. भाभी इद्दतमध्ये आहेत, चार महिने दहा दिवस बाहेर येत न्हाईत, परक्या पुरुषासमोर येत न्हाईत. मी बाहेरच्या खोलीत बसलो, मधी पडदा. तुझ्या अफरीननं पाणी आणून दिलं आन दाराशी उभी राहिली. केवढी झाली रे पोरगी, तुझ्यासारखीच भुवई वर करून बघती. मी पडद्याकडं तोंड करून सगळं सांगितलं. पस्तीस, चाळीस, मी काय ओरडलो, तू काय म्हणालास, सगळं.

मंग आतून भाभींचा आवाज आला, एकदम बारीक. म्हणाल्या, मला बी त्यांनी हेच सांगितलं होतं की माझी चूक झाली. मी लई बोलले त्यांना. जालन्याला नेऊन डोळे तपासून आणले. आले माझ्यासंगं गुपचूप.

तू घरी बी चूक स्वतःवरच घेतली होतीस. बायकोसमोर बी. मला हे ठाऊक नव्हतं खलील. मला वाटायचं निदान घरात तरी तू ताठ मानेनं बसत असशील.

मी उठायला लागलो तशा भाभी म्हणाल्या, थांबा मिलिंदभाई, परत सांगा. मी परत सांगितलं, थोडक्यात. अफरीन रडत होती, पण तिची मान वर होती. मला वाटलं झालं. पडद्याआडून भाभींनी परत हाक मारली. आत बाया बसल्या होत्या, शेजारच्या, मावसबहिणी, गल्लीतल्या म्हाताऱ्या, तुला बिचारा म्हणणाऱ्या.

"अजून एकदा सांगा भाई," त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं. ह्या सगळ्यांना ऐकू द्या माझा नवरा कोण होता ते."

मी उभा राहिलो, घसा साफ केला आन गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पहिल्यापासून सांगितलं.